दोन हात नि एक पेर

आये, आज तुझ्याशी भांडायला बसलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडून काय मिळणार असं कुणीही विचारेल. पण आज नातीच्या शाळेत जे झालं त्यानं डोकं असं भणभणलंय की निवडायला घेतलेली भाजी तशीच टाकून वही ओढली. घरात सगळे एकमेकांना खुणा करताहेत, म्हातारी चिडलीय, तिच्या वाटेला जाऊ नका. बरोबरच आहे त्यांचं.

नात पहिलीत आहे, इथंच सरावली गावात. शाळेत पालकांची सभा होती, सुनेला कंपनीतून सुट्टी मिळाली नाही म्हणून मी गेले. वर्गावरच्या बाई तरुण आहेत, बोलायला गोड. त्या सगळ्या आयांना सांगत होत्या, "मुलं बोटांवर मोजतात म्हणून रागावू नका हं. आकडा आधी बोटांना कळतो, मग डोक्यात जाऊन बसतो. बोटं सोडायची घाई करू नका, वेळ आली की आपोआप सुटतात." आया माना डोलवत होत्या. आणि मी, सत्तरीला टेकलेली बाई, ताडकन उठले आणि ओरडले, "हे तुम्ही आत्ता सांगताय?" सगळा वर्ग वळून बघायला लागला. बाई बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं मला बोटांवर मोजलेलं आवडत नाही. म्हणाल्या, "आजी, तुमच्या वेळची पद्धत वेगळी होती." मी म्हटलं, माझ्या वेळची पद्धत तुम्हाला काय ठाऊक? मग नातीनं पदर ओढला, तेव्हा खाली बसले. घरी येताना ती विचारते, "आजी, तू आमच्या बाईंना का ओरडलीस?" आता सहा वर्षांच्या पोरीला काय सांगू? मी तिच्या बाईंना ओरडलेच नव्हते. मी तुला ओरडले होते.

मोजायला मला तूच शिकवलंस. सातपाटीच्या किनाऱ्यावर, वलांडीखाली. बांबू रोवलेले, त्यांच्यावर आडवे दोर ताणलेले, आणि दोरांवर बोंबील सुकताहेत. ओला बोंबील लिबलिबीत, पण दात बारीक आणि धारदार. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. एकटा बोंबील दोरावर टिकतच नाही, घसरून वाळूत पडतो. म्हणून आपल्यात एक म्हटलं की जोडी. तू मला दोराखालून चालायला लावायचीस आणि माझा अंगठा धरून माझ्याच बोटांच्या पेरांवर ठेवायचीस. करंगळीचं खालचं पेर, एक जोडी. मधलं, दुसरी. वरचं, तिसरी. चार बोटांची बारा पेरं झाली की एक हात भरला, डाव्या हाताचं एक बोट मिटायचं आणि पुन्हा करंगळीपासून सुरू. एक हात म्हणजे चोवीस बोंबील. तुला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पण शेजारच्या काकूशी कडाकडा भांडत असतानासुद्धा तुझा अंगठा कधी चुकला नाही. काकूचा दोर आपल्या दोराला लागूनच होता. राखणीला कुणी नसायचं. कुणाचा दोर कुठला ते सगळ्या गावाला माहीत, आणि दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही हे आम्हा पोरांना चालायला लागायच्या आधी कळलेलं.

मग ते गुरुजी आले. घाटावरचे, पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा, पांढरं धोतर, डोळ्यांवर चष्मा. मी तेव्हा तिसरीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उभं करून विचारलं, "एका हातावर किती मोजता येतात?" किती सोपा प्रश्न! मी छाती काढून सांगितलं, "चोवीस." गुरुजी हसले. गुरुजी हसले म्हणून सगळा वर्ग हसला, ज्यांच्या आया तुझ्यासारख्याच वलांडीखाली मोजायच्या त्या पोरीसुद्धा खी खी करून हसल्या. "काय गं, तुला किती बोटं आहेत, चोवीस?" त्या दिवसापासून मी वर्गाचा तमाशा झाले. गणित विचारलं की अंगठा आपसूक करंगळीकडे जायचा आणि छडी पेरांवर बसायची. पेरांवरच, नेम धरून. "बोटं खाली! डोकं वापर!" पुढं पुढं तर गणिताच्या तासाला मला हात मांडीखाली दाबून बसवायचे.

आये, हात दाबले की आकडे जायचेच कुठंतरी. तीसातून सात गेले किती? वाळूत चालताना मी हे बोलता बोलता सांगितलं असतं. पण तिथं, हातांवर बसून, तीस म्हणजे काय हेच कळेना. तीस नावाचा नुसता आवाज. मग मी एक युक्ती काढली. तोंड मिटून जिभेनं दात मोजायला लागले. दोन महिने छान चाललं, उत्तरं बरोबर यायला लागली, गुरुजी एकदा "शाब्बास" पण म्हणाले. मग त्यांना माझा गाल हललेला दिसला. "तोंडात काय आहे? थुंक आधी!" सगळ्या वर्गासमोर मला खिडकीशी नेऊन थुंकायला लावलं. माझ्या तोंडात काही नव्हतं. मी थुंकले तरी. हे मी तुला घरी येऊन सांगितलं होतं, आठवतं? तू चुलीपुढं बसून कालवण ढवळत होतीस. म्हणालीस, "गुरुजी शिकलेलं मानूस हाय. ते सांगतील तसं कर." बस, एवढंच. ज्या बाईनं माझा अंगठा धरून मला हिशेबाची सगळी अक्कल दिली ती बाई असं बोलली. मला त्या दिवशीच तुझा पहिल्यांदा राग आला.

चौथीत स्कॉलरशिपची परीक्षा होती, पालघरला. शाळेतून पाच नावं जायची आणि ती गुरुजी ठरवायचे. बा तेव्हा होडीवरून आला की दोन शब्दांत बोलायचा, त्यानं दोन शब्दांत सांगून टाकलं होतं, "बसली तर शिकंल, नायतर मासळी." म्हणजे माझं नाव गेलं तर पुढची शाळा, नाही गेलं तर चौथीनंतर मासळीची पाटी डोक्यावर. मला शिकायचं होतं गं. किती शिकायचं होतं हे तुला सांगायला मला तेव्हा शब्द नव्हते, आता आहेत तर ऐकायला तू नाहीस. मी पहाटे उठून पाढे पाठ करायचे. बोटं मुठीत आवळून, नखं तळहातात रुतेपर्यंत. गुरुजी म्हणाले होते, संक्रांतीला गावाहून आलो की नावं पाठवतो.

आणि गावी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आईला म्हणावं, सुके बोंबील पाठवा. पन्नास पुरेत." तुला काय आनंद झाला! गुरुजींनी आपल्याकडे काही मागितलं म्हणून तू पदरानं तोंड पुसत हसलीस. गुरुजींचे पन्नास म्हणजे सुटे पन्नास, जोड्या नव्हेत, हे तुला सांगावं लागलं नाही. चांगले वाळलेले, लांबट, एकही मोडका नाही असे निवडलेस आणि माझ्यासमोर मोजलेस. दोन हात नि एक पेर. पंचवीस जोड्या. फडक्यात बांधून माझ्या हातात दिलेस, म्हणालीस, "इकडंतिकडं न बघता जा." आणि तू पाटी उचलून बाजाराला गेलीस.

संक्रांत झाली. गुरुजी आले. तुला शाळेत बोलावलं. तू पालघरचा बाजार करून परत येत होतीस, तशीच आलीस. "टोपली बाहेर ठेवा," गुरुजी म्हणाले. टोपली बाहेर ठेवलीस आणि तूही उंबऱ्याबाहेरच उभी राहिलीस. मी आत, फळ्याशेजारी. हे मला अजून इतकं स्वच्छ दिसतं की तुझ्या लुगड्यावर चिकटलेला खवला कुठं होता तेही सांगेन. गुरुजी म्हणतात, "बाई, मी पन्नास बोंबील सांगितले होते. आमच्या घरात मोजले तर शंभर. बरोबर शंभर. मी चौकशी केली, तर तुमच्यात जोडीला एक म्हणतात म्हणे. म्हणजे हिला पन्नास म्हटलं की शंभर! अजून बोटांतच आहे ही पोर. परीक्षेत काय दिवे लावणार?" वर्ग हसतो. शंभर खाऊन ढेकर दिलेला माणूस, एक बोंबील परत आणला नाही त्यानं, आणि वर माझी अक्कल काढतोय!

शंभर म्हटल्याबरोबर पदराआड तुझा अंगठा हलला. मी बघितलं. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि थांबला. मग तू माझ्याकडे बघितलंस. तुला पक्कं ठाऊक होतं आये, की तू पंचवीस जोड्या मोजून दिल्या होत्यास. माझ्याकडून मोजण्यात चूक झालीच नव्हती, कारण मोजलं तू होतंस. एवढंच सांगायचं होतं. "गुरुजी, मोजलं मी, पोरीनं नाय. आणि पन्नासच मोजलं." सात-आठ शब्द. त्यासाठी काही शाळा शिकावी लागत नाही. पण तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, "व्हय गुरुजी. चुकलं तिचं. तिला मोजता येत नाय."

तिला मोजता येत नाय. तू. माझी आये. दातखीळ बसली असती तर मी समजले असते गं, गरीब बाई, शिकलेल्या माणसापुढं बोलता आलं नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण तू गप्प नाही बसलीस, तू बोललीस, आणि बोललीस ते हे. पाच नावं पालघरला गेली, त्यात माझं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी त्या पाच जणी नवे परकर घालून एसटीत बसल्या आणि मी पाटी घेऊन तुझ्या मागून चालत होते. त्यांच्यातली एक खिडकीतून मला हात दाखवत होती. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुढची वीस वर्षं मी बोंबील वाळवले. लग्न होऊन बोईसरकडे आले तरी सुटले नाहीत, माहेरचा माल आणून इथल्या आठवडी बाजारात बसायचे. सुकी मासळी ज्या कागदात बांधायचे तो कागद आधी वाचून काढायचे, गिऱ्हाईक ओरडेपर्यंत. पोरं शाळेत जायला लागली तेव्हा त्यांच्या पुस्तकांतून बाहेरून सातवी केली. मग औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. गोळ्यांच्या पट्ट्या मोजून खोक्यात भरायच्या, दिवसभर. टेबलाखाली अंगठा पेरांवर फिरायचा आणि वर तोंड गप्पा मारायचं, तुझ्यासारखंच. वर्षभरात माझं एक खोकं परत आलं नाही. सुपरवायझर बिहारचा होता, सगळ्यांना बोलावून दाखवायचा, "देखो, चाची को मशीन की जरूरत नहीं।" पण साहेबाचा चष्मा दिसला की अजून माझे हात पदराखाली जायचे. आजही जातात. बँकेत, दवाखान्यात, कुठंही.

त्या नोकरीचं सांगायला मी सातपाटीला आले होते. तू तेव्हा थकली होतीस, पण दारात बसून जाळ्याचं तुटलेलं विणत होतीस. मी म्हटलं, "आये, माझी गिनती चुकत नाय म्हणतात कंपनीत." तू वर न बघता म्हणालीस, "मना ठावं हाय." झालं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ठावं हाय? मग तेव्हा काय झालं होतं? मी तिथंच उभी राहून विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "तेव्हा गुरुजींना का नाय सांगितलंस?" तू विणायचं थांबवलंस. माझ्याकडे सरळ बघितलंस आणि म्हणालीस, "काय सांगाचं होतं? तूच सांग, काय सांगाचं होतं?" तू वाट बघत होतीस. जाळंही खाली ठेवलंस. आणि मी, जी आता इथं बसून एवढं तोंड चालवतेय, ती मी म्हणाले, "एसटीची वेळ झाली," आणि निघाले. दोन वर्षांनी तू गेलीस.

पन्नासाचे शंभर कसे झाले ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. शाळेत बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, काकू बाजाराला गेली असताना, मी वलांडीच्या मागं लाकडाच्या ढिगाआड बसले होते. तू आलीस. आपल्या दोरावरून वाळलेल्या जोड्या काढल्यास आणि काकूच्या दोरावर एकेक करून टाकल्यास. घाई नाही, गडबड नाही. टाकताना ओठ मिटलेले आणि अंगठा पेरांवर. दोन हात भरले, मग आणखी एक पेर. संपल्यावर दोर नीट ताणून बघितलास आणि घरी गेलीस. त्या दिवशी आपल्याकडे भाकरीबरोबर नुसतं मीठ होतं. बानं विचारलं, बोंबील कुठं गेले? तू म्हणालीस, "कावल्यांनी नेलं."

म्हणजे तू मला वाचवलंस, असंच ना? तू खरं बोलली असतीस तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग वरचे पन्नास कुठनं आले? वलांडीवरची चोरी. गावानं बैठक बसवली असती, काकूनं दारात येऊन छाती पिटली असती, आपल्या घराकडे कुणी बघितलं नसतं, माझं लग्न झालं नसतं. हे सगळं तू उंबऱ्याबाहेर उभी राहून, अंगठा दोनदा फिरवून, तेवढ्या वेळात मोजलंस. मला कळतं. मला पन्नास वर्षांपासून कळतं. आणि तरी माझा राग जात नाही, आये, काय करू? तू मला विचारलं नाहीस. चोर म्हणवून घेतलेलं मला चाललं असतं. बैठकीत उभी राहिले असते, कान धरले असते, काकूच्या पाया पडले असते आणि परीक्षेला गेले असते. नसतं जाऊ दिलं कदाचित. पण मग माझं नाव गाळायचं कारण माझी अक्कल नसती, माझा हात असता. चोरी ही माझी मी केलेली गोष्ट होती. मोजता येत नाही, ही खोटी होती, आणि ती तू माझ्या कपाळावर लिहिलीस, आणि मी दहा वर्षांची असल्यामुळे मला ती खरी वाटायला लागली. कितीतरी वर्षं वाटत होती.

नात मघाशी येऊन बघून गेली. म्हणाली, "आजी, कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, माझ्या आयेला. "तिला वाचता येतं?" मी म्हटलं, नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग तू वाचून दाखव ना तिला." तिला काय कळतंय. ही पानं मी फाडून ठेवीन, सुनेला वही चाळायची सवय आहे. वाचून दाखवायची हिंमत असती तर त्या दिवशी दारातच सांगितलं असतं, तू जाळं खाली ठेवून वाट बघत होतीस तेव्हा.

तेव्हा तू विचारलंस त्याचं उत्तर देते. ते पन्नास मी घेतले, काकूच्या दोरावरून. गुरुजींना दुप्पट दिले तर ते माझं नाव पाठवतील असं वाटलं. कुणीही येईल अशी भीती होती, भराभर काढत होते, तरी अंगठा पेरांवर होता. दोन हात नि एक पेर. एक कमी नाही, एक जास्त नाही. मला मोजता येत होतं, आये.